गाय आटवण्याआधी सड कसे तपासायचे, आणि ट्यूब कोणत्या गायीला भरायची

प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांच्याकडे सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत. त्यातली एक तिसऱ्या वेताची, साडेसहा महिन्यांची गाभण आणि अजून दिवसाला अकरा लिटर देणारी. मागच्या वेळी व्यायल्यावर आठव्या दिवशी तिला दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज) झाली आणि मागचा डावा सड गेला. आता तिला आटवायचं, म्हणजे पुढच्या वेताआधी तिची धार बंद करायची आहे. मेडिकलवाले म्हणतात, सगळ्याच गायींच्या चारही सडांत आटवायच्या ट्यूब (सडात सोडायचं प्रतिजैविक) भरून टाका. शेजारचे म्हणतात, फुकटचा खर्च आहे, पूर्वी कोण भरत होतं? "दूध चांगलं दिसतंय, कास मऊ लागते, मग तपासायचं तरी काय?" असं ताई विचारतात.

ताई, तुमच्या प्रश्नातल्या "आठव्या दिवशी दगडी झाली" या शब्दांपाशी मी थांबलो. तुम्हाला वाटतंय आजार आठव्या दिवशी आला. माझ्या अनुभवात व्यायल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातली दगडी पुष्कळदा भाकड काळातच, म्हणजे धार बंद असतानाच, सडात शिरलेली असते आणि कासेत दूध उतरलं की डोकं वर काढते. इंग्लंडमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायल्यानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत ई. कोलायसारख्या शेणातल्या जंतूंमुळे झालेले कासदाह तपासले. त्यातले निम्म्याहून जास्त अशा सडांत निघाले, ज्यांत तोच जंतू भाकड काळातच सापडला होता. म्हणजे तुमचा तो डावा सड बहुधा आटवल्यानंतर शेण-मुतात बसलेल्या गायीचा गेला असणार, चीक काढताना नव्हे.

आटवताना कासेत काय होतं ते आधी समजून घ्या, मग मेडिकलवाले कुठे बरोबर आहेत आणि शेजारचे कुठे, ते आपोआप कळेल. रोजची धार बंद केली की दूध कासेत साचतं. तीन-चार दिवस कास ताठ होते, सडाच्या तोंडावर दाब येतो, कधीकधी दूध ठिबकतं. रोजच्या धारेबरोबर बाहेर फेकले जाणारे जंतू आता आतच राहतात. धारेनंतर सड औषधात बुडवायची सवयही नेमकी त्याच दिवशी बंद होते. निसर्गाने यावर एक सोय केली आहे. सडाच्या नळीत केराटिनचं, मेणासारखं बूच तयार होतं आणि दार बंद होतं. पण ते सगळ्या सडांत वेळेवर तयार होत नाही. सहा आठवडे उलटले तरी पाचातल्या एखाद्या सडाचं तोंड उघडंच असतं, असं परदेशातल्या पाहण्यांत दिसलं आहे. आटवताना जितकं जास्त दूध, तितकं बूच उशिरा. म्हणून आटवल्यानंतरचे दोन-तीन आठवडे आणि व्यायच्या आधीचे दोन आठवडे हे नव्या संसर्गाचे दिवस. मधल्या काळात कास बऱ्यापैकी सुरक्षित असते.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक, आज सडात आधीपासून जंतू मुरलेला आहे का? दोन, उद्या बाहेरून नवा शिरणार आहे का? आटवण्याआधीची तपासणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. दुसऱ्याचं उत्तर गोठ्याची जागा, सडाचं बूच आणि तुमच्या हाताची स्वच्छता यांत आहे. ट्यूब मुख्यतः पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी तिचा उपयोग अर्धाच, कारण आटवायच्या बहुतेक ट्यूब स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) आणि स्ट्रेप (स्ट्रेप्टोकोकस) वर्गाच्या जंतूंवर चालतात, शेणातल्या कोलायवर फारशा नाहीत.

मेडिकलवाल्यांचा सल्ला हवेतून आलेला नाही. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये कासदाहाचा पाच कलमी कार्यक्रम ठरला आणि आटवताना प्रत्येक गायीला ट्यूब हे त्यातलं एक कलम होतं. त्या काळी तिथल्या कळपांत स्टॅफ आणि स्ट्रेप अॅगॅलॅक्टिए इतके पसरलेले होते की गाय न निवडता सगळ्यांना औषध देणं शहाणपणाचं होतं, आणि त्याने फरकही मोठा पडला. मग कळप सुधारले आणि निरोगी गायींत विनाकारण जाणारं प्रतिजैविक डोळ्यात यायला लागलं. नेदरलँड्सने दहा-बारा वर्षांपूर्वीच सरसकट ट्यूब बंद केली. युरोपीय संघात 28 जानेवारी 2022 पासून कायद्यानेच नेहमीचा रिवाज म्हणून प्रतिबंधाला प्रतिजैविक देता येत नाही. पण तिथल्या शेतकऱ्याच्या हातात प्रत्येक गायीच्या दुधातल्या पांढऱ्या पेशींचा नियमित अहवाल असतो; सडात संसर्ग असला की या पेशी वाढतात. आपल्याकडे संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची) पावती मिळते, तीही सगळ्या गायींच्या एकत्र दुधाची. म्हणून त्यांचा नियम जसाच्या तसा उचलायचा नाही. त्यांनी जे काम अहवालाने केलं, ते आपण वहीने, हाताने आणि चार वाट्यांच्या पॅडलने (त्याची चाचणी पुढे सांगतो) करायचं. आटवायच्या आधी दोन-तीन आठवडे हातात असतानाच ते होतं. एकदा शेवटची धार निघाली की दोन महिने त्या कासेत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. तुमची वेळ आत्ताच आहे.

सुरुवात वहीपासून करा. या वेतात या गायीला कधी दगडी झाली होती का, कोणत्या सडाला, किती वेळा? दूध अचानक दोन लिटरने पडून परत चढलं असं कधी झालं का? संकलन केंद्राच्या माणसाला विनंती करून एक दिवस फक्त या गायीचं दूध मशीनवर लावून घ्या. आटत आलेल्या गायीचं दूध घट्ट होत जातं, त्यामुळे एसएनएफ 8.5 च्या आसपास किंवा वर असायला हवा. तो 8.1-8.2 दिसला तर चारा-खुराकाची शंका घ्याच, पण कासेचीही घ्या. सूज असलेल्या सडात दुधातली साखर कमी होते आणि मीठ वाढतं. जुने लोक दूध खारट लागतं म्हणायचे, ते बरोबरच होतं. चव मात्र घेऊ नका, कच्च्या दुधातून माणसाला लागणारे आजार वेगळे आहेत.

मग हात. धार पूर्ण काढून झाल्यावर, कास रिकामी असताना एकेक सड आणि त्याच्या वरचा भाग दोन्ही हातांनी चाचपा. भरलेल्या कासेत काही कळत नाही. रिकामा, निरोगी भाग मळलेल्या कणकेसारखा मऊ आणि सगळीकडे सारखा लागतो. जुना संसर्ग असलेल्या भागात कच्च्या पेरूसारखी गाठ किंवा खोल कुठेतरी दोरी लागते. उजवा आणि डावा, पुढचा आणि मागचा, एकमेकांशी ताडून पाहा. सडाच्या टोकाकडेही बघा. तिथे खरखरीत, फुटलेलं, फुलासारखं उमललेलं कडं असेल तर ते दार नीट मिटणार नाही. मशीनने धार काढत असाल तर व्हॅक्यूम तपासून घ्यायची ही वेळ. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या रंगाच्या भांड्यात किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर काढा. कणी, गाठी, पाणचट दूध दिसलं तर तो सुप्त (बाहेरून न दिसणारा) नव्हे, उघड कासदाह आहे. अशा गायीला आटवायचंच नाही. आधी डॉक्टरांकडून त्या सडाचा पुरा उपचार, मग आटवणं, आठवडा उशीर झाला तरी चालेल.

आता मुख्य चाचणी. सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट. 1957 सालची आहे, आणि अजून गोठ्यावर हिच्याइतकी स्वस्त आणि खरी चाचणी मला दुसरी मिळालेली नाही. चार वाट्यांचं प्लॅस्टिकचं पॅडल आणि जांभळट द्रावणाची बाटली पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. द्रावणातला साबणासारखा घटक दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतो, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट होतं. पेशी जितक्या जास्त, तितका चिकटपणा जास्त. निरोगी सडाच्या दुधात एका मिलिलिटरला साधारण एक लाखाच्या आत पेशी असतात. दोन लाखांच्या पुढे गेल्या की तिथे संसर्ग आहे असं धरून चालावं.

पद्धत साधी आहे, पण घाई केली की फसते. सड पुसून कोरडे करा. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात सोडून द्या. मग पॅडलची मूठ नेहमी एकाच दिशेला ठेवून प्रत्येक वाटीत एका सडाच्या दोन-तीन धारा घ्या. मी मूठ गायीच्या शेपटीकडे ठेवतो, म्हणजे कोणती वाटी कोणत्या सडाची हे घरी वही उघडल्यावरही आठवतं. पॅडल जवळजवळ उभं करून जास्तीचं दूध सांडू द्या. वाटीतल्या रेषेपर्यंत, अंदाजे चमचाभराच्या आत, दूध उरेल. तेवढंच द्रावण घाला आणि पॅडल आडवं धरून दहा सेकंद गोल गोल फिरवा. फिरवत असतानाच बघायचं. पंधरा-वीस सेकंदांनंतर चिकटपणा परत विरतो आणि हलका पॉझिटिव्ह हातचा जातो. पाण्यासारखं वाहत राहिलं तर सड साफ. तिरकं केल्यावर तळाशी किंचित ओघळ दिसला आणि फिरवताना नाहीसा झाला तर शंका. घट्ट झालं पण गोळा झाला नाही तर एक. फिरवताना मधोमध जमायला लागलं तर दोन. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा गोळा झाला आणि पॅडल तिरकं केलं की सगळाच्या सगळा एकदम घसरून पडला तर तीन. तीन एकदा डोळ्यांनी पाहिला की माणूस विसरत नाही. दूध बाहेरून शुभ्र, निर्मळ, आणि पॅडलमध्ये शेंबडासारखं. कितीतरी शेतकऱ्यांचे चेहरे मी त्या क्षणी पाहिले आहेत. तेच दूध सकाळी त्यांनी घरात चहाला वापरलेलं असतं.

आटत आलेल्या गायीत एक अडचण येते, आणि इथे चुकीचं वाचन फार होतं. दूध दोन-तीन लिटरवर आलं की निरोगी कासेतही पेशी दाट होतात आणि चारही वाट्या थोड्या थोड्या घट्ट दिसतात. तेव्हा आकडा बघायचा नाही, फरक बघायचा. चारही सारख्याच किंचित घट्ट असतील तर तो बहुधा आटण्याचा परिणाम. तीन साफ आणि एक घट्ट असेल तर त्या एकात जंतू आहे, मग दूध कितीही कमी असो. म्हणूनच पहिली चाचणी दूध भरपूर असताना, आटवायच्या दोन-तीन आठवडे आधी करायची आणि दुसरी आटवायच्या दिवशी. दोन्हीत तोच सड पॉझिटिव्ह आला तर शंकेला जागा नाही. तुमची गाय अकरा लिटर देते आहे, म्हणजे पहिली चाचणी याच आठवड्यात करा.

द्रावण मिळालं नाही तर धुण्याची साधी पावडर चालते. 100 मिलिलिटर पाण्यात 3 ग्रॅम विरघळवा, एका सडाचं दूध आणि तेवढंच हे पाणी वाटीत मिसळून फिरवा. संसर्ग असेल तर दूध दाट, बुळबुळीत होतं. दोन-तीनच्या पॉझिटिव्हला हे पुरेसं आहे, पण किंचित पॉझिटिव्ह यात निसटतो. कागदाच्या पट्ट्यांवर आटवायच्या वेळी मी विसंबत नाही. त्या दुधाचा सामू (पीएच) बघतात आणि वेताच्या शेवटी तो आपणहून वाढतो, त्यामुळे साफ सडही पट्टीवर आजारी दिसतो. दुधातून विजेचं वहन मोजणारं मीटर असेल तर तिथेही चार सडांतला फरक बघा. तपासलेलं दूध मात्र कॅनमध्ये जाता कामा नये, वासरालाही नको.

सीएमटी सडात सूज आहे एवढंच सांगते, जंतू कोणता ते नाही. त्यासाठी प्रयोगशाळा. पुणे जिल्ह्यात तुम्हाला औंधचा पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि पुढे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. नमुना न्यायच्या आधी फोन करून विचारा. सातही गायींचे नमुने पाठवायची गरज नाही. पॉझिटिव्ह सडांचेच पाठवा. नमुना घेताना हात धुवा, सडाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने इतकं घासा की बोळा पांढरा निघेल, पहिल्या धारा सोडा, निर्जंतुक बाटली आडवी धरून 5-10 मिलिलिटर दूध घ्या आणि बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोहोचवा. घरातली औषधाची रिकामी बाटली कितीही उकळली तरी नको. वाटीभर दूध आणि त्यात गोठ्यातले दहा प्रकारचे जंतू, असा नमुना आला की प्रयोगशाळा काही सांगू शकत नाही. नमुन्याआधी गायीला प्रतिजैविक दिलेलं नसावं. बाटलीवर गायीचा कानातला नंबर आणि सड लिहा: उजवा पुढचा, डावा मागचा, असं.

अहवालात काय आलं यावर बरंच अवलंबून असतं. स्ट्रेप अॅगॅलॅक्टिए आला तर आनंदाची गोष्ट. तो कासेबाहेर फारसा टिकत नाही आणि पेनिसिलीन वर्गाच्या औषधाला चांगला बळी पडतो. आटवायच्या ट्यूबने तो गोठ्यातून हद्दपार करता येतो. स्टॅफ ऑरियस आला तर मन घट्ट करावं लागतं. तो कासेच्या मांसात छोट्या गळवांत लपतो, औषध तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि दुधात तो कधी येतो कधी येत नाही. म्हणून अहवाल निगेटिव्ह आला तरी सीएमटी तीन असेल तर मी एकाच नमुन्यावर विश्वास ठेवत नाही. भाकड काळात त्याच्यावर औषधाचा परिणाम दुधाच्या काळापेक्षा चांगला होतो, कारण औषध कित्येक आठवडे सडात टिकतं आणि धारेबरोबर वाहून जात नाही. पण पाचव्या वेताची गाय, दोन सडांत जुन्या गाठी, वेतात तीनदा दगडी, आणि स्टॅफ: अशी गाय बरी होईल अशी आशा मी शेतकऱ्याला दाखवत नाही. तिची धार सगळ्यात शेवटी, आणि कळपात तिला ठेवायचं का, हा विचार.

आता निर्णय. माझा नियम असा. या वेतात एकदाही उघड दगडी झाली असेल, किंवा कोणत्याही सडात सीएमटी एक किंवा वर असेल, तर त्या गायीच्या सगळ्या चालू सडांत आटवायची ट्यूब. फक्त आजारी सडातच भरावी असं काही तज्ज्ञ सांगतात, आणि औषध वाचतं हे खरं. पण पाच-सात गायींच्या गोठ्यात पेशींची जुनी नोंद नसते, एका सडातला जंतू शेजारच्या सडात पोहोचलेला असतो आणि सीएमटीला अजून दिसत नसतो. तिथे मी गाय धरून निर्णय घेतो, सड धरून नाही. चारही सड दोन्ही चाचण्यांत साफ आणि वेतभर एकही तक्रार नाही, तर त्या गायीला प्रतिजैविक नको. तिला सडाचं तोंड बंद करणारा सीलंट मिळाला तर भरा. ती बिस्मथची जाड पेस्ट असते, औषध नव्हे, फक्त बूच. आपल्याकडे तो सगळीकडे सहज मिळत नाही. नाही मिळाला तर पंधरा दिवस रोज सड औषधात बुडवा आणि कोरडी जागा द्या. भाकड गाय चिखलात, उकिरड्याशेजारी बांधली जात असेल आणि ती जागा लगेच बदलणं जमत नसेल, तर साफ गायीलाही ट्यूब भरा, असं मी आज सांगेन. पुढच्या वेळेपर्यंत जागा बदला.

तुमच्या त्या गायीला याच वेतात दगडी झाली आहे, म्हणजे या नियमाने तिच्या चालू सडांत ट्यूब येतेच. पण तिचा गेलेला डावा सड सोडून देऊ नका. तो खरोखर मेला आहे की अर्धा जिवंत आहे, ते बघा. हलक्या हाताने दाबल्यावर पिवळसर पाणी, पू किंवा दह्यासारखं काही येत असेल, तर तो जंतूंचं कोठार आहे आणि बाकी तीन सडांना तिथूनच धोका आहे. त्याचा नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. काहीच येत नसेल, भाग आक्रसून लहान झाला असेल, तर त्यात ट्यूब खुपसायची नाही.

आटवायच्या आधी आठवडाभर पेंड बंद करा, मुरघास कमी करून कडबा वाढवा, म्हणजे अकरावरून दूध सहा-सातवर येईल. पाणी कधीच तोडू नका. काही लोक पाणी तोडून गाय आटवतात, त्याने पोटातल्या वासराचंही हाल होतात. ठरलेल्या दिवशी पूर्ण धार, दुसरी सीएमटी, मग ट्यूब. आणि त्यानंतर धार नाही म्हणजे नाही. ताठ कास बघून जीव कळवळतो, एक धार काढून टाकाविशी वाटते. काढलीत तर औषध बाहेर आणि बूच पुन्हा उघडं.

ट्यूब भरण्यावर मी जरा जास्त बोलतो, कारण तिथलं एक नुकसान मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी एका गोठ्यावरून फोन आला. तीन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच ट्यूब भरल्या होत्या, अंधार पडताना, चारही सड एकाच ओल्या फडक्याने पुसून. चौथ्या दिवशी गायीचे दोन सड सुजून लाल झालेले, आतून पाणचट, दह्याचे तुकडे असलेला स्राव. नमुन्यात यीस्ट निघालं, म्हणजे बुरशीचा प्रकार. प्रतिजैविकाचा त्यावर काडीचाही उपयोग नसतो. गाय वाचली, दोन सड गेले. त्या दिवशी ट्यूब भरलीच नसती तर दोन्ही सड राहिले असते. निरोगी सडाच्या आत जंतू ढकलायला ट्यूबसारखं दुसरं साधन नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

म्हणून दिवसा, उजेडात. हातमोजे घाला. प्रत्येक सडाला वेगळा, 70 टक्के स्पिरिटचा बोळा. पुसताना आधी तुमच्यापासून लांबचे दोन सड, मग जवळचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. भरताना उलट, आधी जवळचे आणि मग लांबचे. ट्यूबचं टोक तीन-चार मिलिमीटरच आत घाला. पूर्ण नळी खुपसली तर सडाच्या आतलं केराटिन खरवडलं जातं आणि बाहेरचा मळ थेट आत जातो. औषध हळू सोडा आणि बोटांनी सड हलका वर चोळा. सीलंट असेल तर तो ट्यूबनंतर भरा, पण चोळू नका, तो सडाच्या तळाशीच राहायला हवा. शेवटी टीट डिप (सड औषधात बुडवणं), आणि गाय किमान अर्धा तास उभी राहील असं बघा. समोर वैरण टाकली की उभी राहते. ट्यूब विकत घेताना पाकिटावर भाकड गायीसाठी लिहिलेलं आहे का ते वाचा. दुधाळ गायीची ट्यूब दोन-तीन दिवसांत संपते, आटवताना तिचा उपयोग नाही. आणि आटवायची ट्यूब दुधाळ गायीत गेली तर कित्येक आठवडे दुधात औषध उतरतं. मागच्या पायाला लाल दोरी बांधा आणि वहीत तारीख लिहा. वेळेआधी व्यायली तर पाकिटावरची मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नाही.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी गायीच्या मागून कास बघा. चारही भाग सारखे ताठ असतील तर काळजी नाही, चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतरायला लागतात. एकच भाग मोठा, लाल, गरम, आणि गाय वैरण सोडते आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर. व्यायच्या आधीच्या दोन आठवड्यांत तर जागा रोज कोरडी पाहिजे. खनिज मिश्रण चालू ठेवा, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई कमी पडलं की कासेची प्रतिकारशक्ती पडते. सीलंट भरला असेल तर व्यायल्यावर पहिली धार हाताने काढून ती पेस्ट पूर्ण बाहेर काढा.

मग तिसरी आणि शेवटची सीएमटी, व्यायल्यानंतर सहाव्या दिवशी. त्याआधी चिकामुळे सगळ्याच वाट्या घट्ट दिसतात. वहीत या गायीचं एक पान काढा, चार सडांचे चार रकाने आणि तीन ओळी: आजची चाचणी, आटवायच्या दिवसाची, आणि व्यायल्यानंतर सहाव्या दिवसाची. पहिल्या दोन ओळींत पॉझिटिव्ह आणि तिसरीत साफ, तर औषधाने काम केलं. पहिल्या दोन साफ आणि तिसरीत पॉझिटिव्ह, तर जंतू भाकड काळात शिरला, म्हणजे दोष जागेत किंवा भरताना झालेल्या हाताळणीत शोधायचा. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर त्या सडाचा नमुना परत औंधला, आणि धार सगळ्यात शेवटी. तुमच्या बाकी सहा गायींतली जी पुढे आटवायची असेल, तिचंही पान त्याच वहीत आजच काढून ठेवा.